होडीच्या पोटावरचे डाग

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की मालवणजवळच्या आमच्या देवबागात एकच प्रश्न कानावर पडतो: "रंग कधी मारतास?" २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद, म्हणजे होड्या किनाऱ्यावर. होडी वर ओढली की तिचं पोट दिसतं, पोट दिसलं की डाग दिसतात, आणि डाग दिसले की गावातले निम्मे पुरुष रंगाचा डबा आणायला मालवणात जातात. त्यात आमच्या घरचेही दोघे असतात, माझा नवरा आणि माझा दीर.

माझा रंगाला विरोध आहे. त्यावर घरात पुरेसं भांडून झालं, म्हणून आता लिहून ठेवते.

आमची होडी बावीस फुटी, फायबरची, पांढरी. डॉल्फिन, संगम, त्सुनामी आयलंड अशा फेऱ्या मारते. होडी ते दोघं चालवतात, मी होमस्टे सांभाळते. पण डागांचं खातं माझ्याकडे आलं, कारण मी कणकवलीला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं आणि लग्नाआधी कुडाळच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये काम करत होते. चहा-न्याहारी आटोपली की दुपारचे दोन तास मी होडीखाली असते. दीर येता-जाता बोलतो, "वयनी, कित्याक येवढां घासतंस? दोन हात रंग मारलो की झालां."

होत नाही ना पण! फायबरच्या होडीचा पांढरा रंग हा रंग नसतोच. तो जेलकोट असतो, रेझिनचाच रंगीत थर, होडी साच्यात घडवताना सगळ्यात आधी घातलेला. त्यावर तेल असेल, मेण असेल, शेवाळ असेल, तर वरून मारलेला रंग धरत नाही. वाळूवरून दोनदा ओढली की पोपडे निघतात. गंजाच्या डागावर रंग मारला तर पुढच्या सीझनला गंज रंगातून वर येतो. आणि एकदा रंग मारलात की दरवर्षी मारावाच लागतो. जेलकोट सांभाळला तर वर्षानुवर्षं टिकतो.

तर डाग काढायचे. पण कशाने, हे विचारायच्या आधी डाग कशाचा आहे हे बघायचं. आमच्याकडे सगळ्या डागांना एकच औषध असतं: नारळाचं सोडण, वाळू आणि जोर. वाळू जेलकोटला बारीक चरे पाडते, त्या चऱ्यांत पुढच्या वर्षीचा डाग आणखी खोल जाऊन बसतो. सोडणाची तर वेगळीच गंमत. ओल्या सोडणातून तपकिरी पाणी सुटतं, त्यात टॅनिन असतं, म्हणजे झाडांच्या साली-पानांतलं रंग धरणारं द्रव्य. होडीवरचा सगळ्यात हट्टी डाग त्याचाच. म्हणजे ज्या पदार्थाचा डाग काढायचा त्याच पदार्थाने आपण घासत बसतो.

सुरुवात मात्र साध्या धुण्याने, आणि तीही होडी वर घेतली त्याच दिवशी. शेवाळाचा हिरवा थर ओला असतो तोवर मऊ ब्रश आणि भांड्याच्या साबणाने निघून जातो. उन्हात एक दिवस गेला की तो कागदासारखा चिकटतो आणि मग नखांनी काढत बसा. धुवायला पाणी गोडं घ्यायचं. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी आणि मधे चिंचोळी पट्टी. मे महिन्यात विहिरीचं पाणी जपून वापरावं लागतं, हे मला कुणी सांगायला नको. तरी शेवटचा हात गोड्या पाण्याचाच हवा. त्याचं कारण पुढे येईल.

बार्नॅकलचंही तेच. आमची होडी रात्री खाडीत नांगरलेली असते, त्यामुळे तळाला, पठाणाच्या, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्याच्या, कडेने आणि इंजिनाच्या ब्रॅकेटखाली ते बसतातच. हा प्राणी शिंपल्यासारखा दिसतो, पण नात्याने कुर्ली आणि कोळंबीच्या जवळचा. पिल्लू असताना पोहत येतो, जागा पसंत पडली की डोकं खाली करून स्वतःला चिकटवतो आणि उरलेलं आयुष्य पायांनी पाण्यातलं अन्न गोळा करत काढतो. डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं यांच्या अभ्यासात घालवली. हे मी दिराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तेची होडी नसतली." बरोबर आहे त्याचं.

मामंजींच्या पिढीला माहीत होतं की होडी नदीत वर, गोड्या पाण्यात नेऊन ठेवली की हे मरतात. आम्हाला सीझनमध्ये तेवढी फुरसत नसते. म्हणून होडी वर आल्या आल्या, ओली असतानाच, प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा बांबूच्या चपट्या कापाने ते तिरके रेटून काढायचे. लोखंडी पत्रा किंवा कोयता नको. कोयत्याने जेलकोटला पडलेली खाच बार्नॅकलपेक्षा महाग पडते.

प्राणी निघतो, पण त्याच्या बुडाची पांढरी चकती राहते. ती चुन्याची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. तिला आम्ल लागतं. गावात सरळ संडास साफ करायचं लिक्विड ओततात. त्यात साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, चकती फसफसते आणि जाते. पण तेच ॲसिड ओघळून स्टीलच्या बोल्टवर गेलं की त्यातलं क्लोराइड बोल्टाला बारीक भोकं पाडतं, आणि गॅल्व्हनाइज्ड कडीवरचा जस्ताचा थर तर खाऊनच टाकतं. पुढच्या वर्षीच्या गंजाची सोय आपणच करून ठेवायची ती अशी. मी आधी व्हिनेगरमध्ये भिजवलेला फडका चकत्यांवर लावून ठेवते. वेळ लागतो, पण चकती मऊ पडते आणि पट्टीने निघते. त्यातूनही हटल्या नाहीत अशा एखाददुसऱ्या चकतीवर ते संडासाचं लिक्विड, जुन्या टूथब्रशने, तेवढ्याच जागी, आणि लगेच भरपूर पाणी.

एवढं झालं की होडी स्वच्छ दिसायला हवी. दिसत नाही. पाण्याच्या रेषेला, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत, एक पिवळट तपकिरी पट्टा उरतो. नाळेच्या दोन्ही बाजूंना तो वर चढतो, कारण होडी चालताना तिथे पाणी उसळतं. होडीला मिशी फुटलेली दिसते. साबणाने हा पट्टा हलत नाही, रॉकेलने हलत नाही, वाळूने घासला तर फिका पडतो आणि पुढच्या महिन्यात परत येतो. गावातला सगळा रंग या एका पट्ट्यापायी खपतो असं माझं मत आहे.

हा पट्टा येतो कुठून? कर्लीचं पाणी नीट पाहिलंत तर ते अगदी नितळ कधीच नसतं. दोन्ही काठांना कांदळ, तिवर, चिपी यांची झाडी, त्यांची पानं खाडीत पडून कुजतात. कांदळाच्या सालीत आणि पानात टॅनिन भरपूर. त्यातच आमची माती जांभ्याची, म्हणजे लोहाने भरलेली. पावसाच्या पहिल्या आठवड्यात कुडाळकडून येणारं पाणी लाल होऊन येतं ते त्यामुळेच. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळपट संयुग तयार होतं. पूर्वी लिहायची शाई याच रसायनावर बनत असे. म्हणजे आमची होडी आठ-नऊ महिने पातळ शाईत उभी असते. चहाच्या कपाला आतून जो डाग धरतो, त्याच जातीचा हा डाग.

हे मामंजींना समजावून सांगायला गेले तर ते हसले. त्यांच्या लहानपणी जाळी सुताची होती, आणि सूत कुजू नये म्हणून ऐनाची साल उकळून त्या पाण्यात जाळी बुडवायचे. हात कोपरापर्यंत लालतांबडे व्हायचे, आठवडाभर जायचे नाहीत. तेही टॅनिनच. होडी तेव्हा लाकडाची, तिला काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचे. "आमच्या येळार होडी काळीच आसायची," ते म्हणाले, "डाग खंय दिसतलो?" नायलॉनची जाळी आली, फायबरची पांढरी होडी आली, आणि जे टॅनिन मुद्दाम चढवायचं ते आता उतरवायची पाळी आली.

त्यांनीच दुसरी गोष्ट सांगितली. सदऱ्याला गंज लागला की त्यांची आई त्यावर बिंबल्यांचा रस चोळायची. बिंबली म्हणजे ती खोडालाच लगडणारी हिरवी आंबट फळं. तांब्या-पितळेची भांडीही आमच्याकडे त्यांनी घासतात. त्या आंबटपणात ऑक्झॅलिक ॲसिडचा मोठा वाटा असतो. आणि या पट्ट्यावर जे चालतं तेही ऑक्झॅलिक ॲसिडच. मी बिंबल्यांनी एक हातभर जागा घासून पाहिली. फरक पडतो, पण बावीस फुटांच्या दोन बाजूंना पुरतील एवढ्या बिंबल्या असल्या तर मी लोणचं घालीन.

ऑक्झॅलिक ॲसिडची पूड केमिकलच्या दुकानात मिळते, हार्डवेअरवालेही ठेवतात, फरशी आणि लाकूड उजळायला लोक नेतात. महाग नाही. मी एक लिटर कोमट गोड्या पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम घालते. प्लॅस्टिकची बादली, धातूची नाही. शंभर ग्रॅमच्या वर घालून उपयोग नसतो. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, आणि पूड ओतताना नाकातोंडावर फडका, कारण ती उडते आणि घशाला लागते.

खाऱ्या पाण्यात हे का करायचं नाही ते आता सांगते. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ऑक्झॅलिक ॲसिड त्याला पकडतं आणि पांढरा साका होऊन खाली बसतं, कॅल्शियम ऑक्झलेटचा. अळू घशाला खाजतं ते ज्या सुयांमुळे, त्याच पदार्थाचा. मुतखडाही बहुतेक वेळा त्याचाच. म्हणजे खाऱ्या पाण्यात कालवलेली पूड डागापर्यंत पोहोचायच्या आधीच काही अंशी वाया जाते, आणि होडीवर पांढरी राखुंडी मिळते ती वेगळीच.

उभ्या बाजूवर द्रव टिकत नाही, ओघळतो. बाजारात यासाठी जेल मिळतात. मी मैद्याची पातळ खळ शिजवते, निवल्यावर त्यात द्रावण ढवळते आणि रंगाच्या रुंद ब्रशने पट्ट्यावर फासते. खळ त्याच दिवशी वापरून संपवायची. डाग फारच हट्टी असेल तर खळीवर जुन्या धोतराची पट्टी चिकटवून वरून प्लॅस्टिक. पंधरा-वीस मिनिटांत तपकिरी रंग पिवळा पडतो, मग हिरवट पिवळा, मग पाणी मारलं की नुसता पांढरा. घासावं लागत नाही. ज्यांना घासल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही त्यांना हे पटत नाही.

काम सावलीतच करायचं. मी होडीच्या ज्या बाजूला सावली असेल ती बाजू घेते आणि दुपारनंतर दुसरी. नुसतं वाळू नये एवढ्यासाठी नाही. ऑक्झॅलिक ॲसिडने लोहाला धरून जे विरघळणारं संयुग केलेलं असतं, ते प्रकाशाने बिघडतं आणि त्यातून पिवळी, न विरघळणारी पूड तयार होते. उन्हात फासून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत पांढऱ्या होडीवर हळदीसारखी छटा आलेली असते.

शेवटी खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवायचं, मग गोडं पाणी. वाहून जाणारं पाणी खाडीत सोडायचं नाही. मी होडीखाली ताडपत्री घालते, तिच्यात जमलेल्या पाण्यात सोडा टाकते, फसफस थांबली की ते माडाखाली नव्हे, घरामागच्या शोषखड्ड्यात. आमच्या खाडीत बायका मुळे नावाचे शिंपले आणि कालवं काढतात, आणि ती आमच्याच पाहुण्यांच्या ताटात येतात. कालवांचा विषय निघालाच आहे तर: मोठ्या जहाजांच्या तळाला पूर्वी ट्रायब्युटिल टिन नावाचं विष घातलेला रंग मारत. फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची पैदास त्याने कोलमडली, तेव्हा फ्रान्सने १९८२ मध्ये लहान होड्यांवर त्याला बंदी घातली. जगभरची बंदी लागू व्हायला २००८ उजाडलं. आता तांब्याचे रंग चालतात. आम्ही तेही मारत नाही. वाळूवर ओढली जाणारी होडी, त्यावर तो रंग टिकणार किती?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही पूड साखरेसारखी दिसते. होमस्टेच्या घरात साखरेसारखं दिसणारं विष ठेवायचं तर ते स्वयंपाकघराच्या बाजूलाही फिरकता कामा नये. पोटात गेलं तर मूत्रपिंडं जाऊ शकतात. माझी बरणी मागच्या खोपीत कुलपात असते, तिच्यावर लाल रंगाने मराठीत आणि चित्राने लिहिलं आहे, आणि चावी माझ्याच कमरेला.

गंजाचे ओघळ याच औषधाने जातात, आणि मिशीपेक्षा लवकर जातात. पण तिथे डाग काढणं हे निम्मंच काम. गंज फायबरला येत नाही, तो कुठल्या तरी लोखंडातून येतो. ओघळ वर वर बघत गेलं की एखादा बोल्ट, कडी किंवा रेलिंगचा पाया सापडतो. स्टेनलेस म्हणून घेतलेलं स्टीलही खाऱ्या हवेत तपकिरी पडतं. साधं ३०४ ग्रेडचं पडतंच. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त तग धरतं. आम्हाला एकदा एका दुकानातून ३१६ म्हणून दिलेले बोल्ट दोन महिन्यांत रडायला लागले. लोहचुंबक लावून बघा असं लोक सांगतात, पण स्वस्तातलं २०२ही चुंबकाला फारसं चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेवर विसंबू नये. खात्रीच्या दुकानातून पक्कं बिल घेऊन आणावं, एवढंच. आणि बोल्ट बसवताना खाली सीलंट भरपूर. बोल्टाच्या गळ्याशी पाणी साचून राहिलं, तिथे हवा पोहोचली नाही, की चांगलं स्टीलही तिथेच खाल्लं जातं.

एक इशारा गंजाबद्दल. पांढरं करायचं म्हणून त्यावर ब्लीच ओतू नये. ब्लीचने गंज जात नाही, उलट लोह आणखी गंजतं आणि डाग पक्का होतो. ब्लीचचं काम वेगळं. आतल्या बाजूला, सीटखाली, लाइफ जॅकेटच्या खणात बुरशीचे काळे ठिपके येतात, त्यांच्यावर ते पाण्यात पातळ करून चालतं. आणि ज्या दिवशी ब्लीच काढाल त्या दिवशी कुठलंही ॲसिड काढू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरिन वायू सुटतो. आमच्या शेजारच्या एका मुलाने होडीच्या आत दोन्ही ओतलं होतं, "दोन्ही साफ करतात, मग एकत्र जास्त साफ करतील" या हिशेबाने. त्याला वेळेवर बाहेर ओढला म्हणून बरं.

काळे डाग दोन प्रकारचे. इंजिनाच्या मागे ऑइलचा थर, आणि बाजूला जेटीवरच्या टायरांचे पट्टे. दोन्हींना ॲसिड काही करत नाही, कारण हे तेलाचे आणि रबराचे. फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसायचं, लगेच साबणाचं पाणी. थिनर मी टाळते, होडीचं नाव आणि नंबर रंगवलेला असतो तो त्याने पुसला जातो. गेल्या सीझनला नवऱ्याने टायरांना जुन्या जीन्सची गवसणी शिवून घेतली, तेव्हापासून पट्टे जवळपास बंद. घरातली ही एक सूचना माझी नव्हती, हे नोंदवून ठेवते.

आता एवढं सगळं करूनही होडी मळकट, खडूसारखी दिसत असेल, हात फिरवला की तळव्याला पांढरं लागत असेल, तर तो डाग नाही. उन्हाने जेलकोटचा वरचा पापुद्रा मेलेला असतो. तो उतरवायला लागतो, आणि फक्त इथेच मी घासायला परवानगी देते. जेलकोटची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यामुळे ग्राइंडरला खरखरीत डिस्क लावून सुटलेला माणूस मला होडीजवळ नको असतो. तो अर्ध्या तासात फायबरचे आतले काचेचे धागे दाखवतो, आणि मग तिथून पाणी मुरायला लागतं. आधी नुसतं रबिंग कंपाउंड लावून बघायचं. भागलं नाही तर आठशेचा वॉटर पेपर, पाणी सोडत सोडत, मग बाराशेचा, मग कंपाउंड. कडा आणि कोपरे हातानेच, मशीन तिथे थर पटकन खातं. मग मेण. कार्नोबाचं चांगलं, गाडीचं असलं तरी चालतं. मेणाने चकाकी येते ती वेगळी, खरा फायदा हा की पुढच्या सीझनला टॅनिन मेणात बसतं, जेलकोटात नाही.

मेण लावलं की होडी शाकारायची. इथे आमच्याकडे एक नवा डाग जन्माला येतो. होडीवर माडाच्या झावळ्यांची झापं घालतात, पाऊस त्यांतून झिरपतो, आणि तीन महिने ते तपकिरी पाणी ठिपक-ठिपक आत पडत राहतं. सप्टेंबरला झापं काढली की आत सगळीकडे ओघळ. झापं नकोत असं मी म्हणत नाही. नुसत्या ताडपत्रीखाली होडी घुसमटते आणि बुरशी धरते. आम्ही आता बांबूंचा माळा करतो, त्यावर ताडपत्री उतरती, तिच्यावर झापं, आणि दोन्ही टोकं हवेला उघडी. शिवाय होडीच्या बाजूंना जमिनीवर पेंढा पसरतो, नाहीतर पागोळ्यांनी उडालेला तांबडा चिखल पोटावर बसतो, आणि जांभ्याचा चिखल म्हणजे परत लोह.

सगळे डाग जातात असं नाही. आमच्या होडीच्या उजव्या अंगाला जेलकोटच्या खालपर्यंत गेलेली एक चीर आहे, तिच्यातून वर्षानुवर्षं खाडीचं पाणी मुरून आजूबाजूला करडी झाक आली आहे. तिला ऑक्झॅलिक लावलं, धुऊन ऊन दाखवलं, परत ऑक्झॅलिक लावलं. थोडी फिकी झाली. ती चीर खरवडून, पूर्ण सुकवून, नव्या जेलकोटने भरायला हवी, आणि ते काम फायबरवाल्याचं, माझं नाही. तो म्हणतो गणपतीनंतर येतो. गणपतीनंतर म्हणजे होडी पाण्यात.

दीर अजून रंगाच्याच बाजूचा आहे, निदान तोंडाने. पण परवा त्याच्या स्कूटरच्या मडगार्डवर गंजाचे ठिपके आले तेव्हा तो मागच्या दाराने आला आणि हळूच म्हणाला, "वयनी, ती तुजी पूड वायच दी." पूड मी कुणालाच देत नाही. द्रावण करून बाटलीत भरून दिलं, वर चिठ्ठी लावली, आणि बाटली संध्याकाळपर्यंत परत हवी म्हणून सांगितलं.